घरात कुणालाच हत्तीपाय नाही, तरी दरवर्षी त्या गोळ्या का खायच्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, घरात पाच माणसं, हत्तीपाय कुणालाच नाही. तरी आशाताई येतात आणि समोर उभं राहून मूठभर गोळ्या खायला लावतात. मागच्या खेपेला सासूबाईंना उलटी झाली, रात्री ताप आला. मग धडधाकट माणसानं हे का सोसायचं, आणि नाहीच खाल्ल्या तर काय बिघडतं?

मी याच धानपट्ट्यात आरोग्य सेवक होतो, आता निवृत्त आहे. हा प्रश्न अंगणात ऐकलाय, चावडीवर ऐकलाय, रोवणी चालू असताना बांधीत उभं राहून ऐकलाय. "मले का झालं जी? कायले खाऊ मी गोळ्या?" तेव्हा घाईत जे नीट सांगता आलं नाही ते इथं सांगतो.

ज्याचा पाय सुजलाय त्याचा पाय या गोळ्यांनी उतरत नाही. त्या तुमच्या-माझ्यासारख्या, काहीही न दिसणाऱ्या माणसाच्या रक्तासाठी आहेत.

हत्तीरोगाचे जंत शिवणाच्या दोऱ्यासारखे असतात, मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब. ते आपल्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे रक्तवाहिन्यांसारख्याच पण पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, सहा ते आठ वर्षं मुक्काम करतात आणि रक्तात लाखोंनी पिल्लं सोडतात. गंमत अशी की ही पिल्लं त्याच माणसात कधी मोठी होत नाहीत. त्यांना आधी डासाच्या पोटात जावं लागतं, त्याच्या अंगात दहा-चौदा दिवस वाढावं लागतं, मग तो डास ज्याला चावेल त्याच्या अंगात शिरायचं. डासावाचून त्यांचं पुढचं पाऊल पडत नाही. एखाद्या चावण्यानं हा रोग होत नाही, वर्षानुवर्षं शेकडो वेळा चावून घ्यावं लागतं. म्हणून एका रात्रीच्या पाहुण्यानं घाबरायचं कारण नाही, गावात जन्म काढणाऱ्यानं आहे.

ही पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास कातडीजवळच्या रक्तात येतात, कारण हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावतो तो रात्रीच. म्हणून आमची रक्ततपासणीही रात्रीची. आता रात्री दहाला गावात जागं कोण सापडतं? आम्ही झाडीपट्टीच्या नाटकाचा दिवस धरायचो. दिवाळीनंतर मंडईचे दिवस, नाटक रात्रभर, पेंडॉलच्या बाहेर चहाच्या टपरीशेजारी टेबल टाकून बसायचं आणि अंक संपला की लोकांच्या बोटाला सुई टोचायची. अर्धे काहीतरी निमित्त सांगून पळायचे, अर्धे मित्रानं डिवचलं म्हणून बोट पुढे करायचे.

अशाच एका रात्री एका पंचविशीतल्या पोराचं रक्त घेतलं. धानाचं पोतं एकटा ट्रॉलीत फेकणारा गडी. काचपट्टीवर पिल्लं निघाली. त्याच्या शेजारच्या घरात एक म्हातारी होती, डावा पाय गुडघ्यापर्यंत खांबासारखा. तिची पट्टी कोरी. हे नेहमीचंच. सूज येईपर्यंत वर्षं गेलेली असतात, जंत बरेचदा मरून गेलेले असतात, राहते ती नळ्यांची झालेली नासाडी. गाव मात्र म्हातारीच्या सुनेला तिच्या खाटेजवळ बसू देत नव्हतं आणि त्या पोराच्या मांडीला मांडी लावून नाटक बघत होतं. रोग पसरत होता तो त्याच्याकडून.

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञानं एकदा मला ताज्या रक्ताचा ओला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. लाल पेशींची गर्दी, आणि तिच्यातून एक काचेसारखं पारदर्शक, बारीक काहीतरी वळवळत चाललंय. पेशी धक्का लागल्यासारख्या बाजूला होतायत. लांबी मिलिमीटरच्या पावभर असेल. हे दृश्य घरोघर दाखवता आलं असतं तर मला निम्मं बोलावं लागलं नसतं.

आता गोळ्यांचं. २०१९ साली नागपूर जिल्हा देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांत होता जिथं दोनऐवजी तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली: डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन. मोठ्या माणसाला डीईसीच्या तीन, अल्बेंडाझोलची एक चावून खायची, आणि आयव्हरमेक्टिन उंची मोजून, पूर्ण उंचीच्या माणसाला तीन किंवा चार. आशाताई दाराला काठी टेकवून उंची बघतात ती त्यासाठी. मिळून सात-आठ गोळ्या होतात आणि ओंजळ बघूनच माणूस दचकतो. यातली डीईसी १९४७ साली निघाली, आपल्या आंध्रातल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालच्या संशोधनातून. आयव्हरमेक्टिन म्हणजे तीच, कोरोनात उगाच गाजलेली. तिचं खरं काम हे, आणि २०१५चं नोबेल मिळालं ते याच जातीच्या कामासाठी. जोडीला पोटातले जंत जातात, डोक्यातल्या उवाही पडतात. बायांना पटवायला मला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि अंथरुणाला खिळलेला आजारी माणूस यांना गोळ्या द्यायच्या नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना आणि आठवड्याच्या आतल्या बाळंतिणीला आयव्हरमेक्टिन नाही. बीपी-शुगर आटोक्यात असेल तर चालतं, तरी शंका असली तर आशाताईंच्या कानावर घाला.

सासूबाईंचं काय झालं असावं? एक शक्यता, गोळ्या उपाशीपोटी घेतल्या. दुसरी शक्यता, त्यांच्या रक्तात खरंच पिल्लं होती. ती एकदम मरतात तेव्हा शरीर त्यांच्यावर भडकतं आणि ताप, डोकेदुखी, मळमळ, चक्कर असं होतं. एक-दोन दिवसांत उतरतं. पडून राहायचं, साखर-मिठाचं पाणी, तापाला पॅरासिटामॉल. त्याहून लांबलं, अंगावर पित्त उठलं किंवा धाप लागली तर सरळ दवाखाना. म्हणजे त्या तापाचा अर्थ "गोळी बाधली" एवढाच लावू नका. कदाचित ज्याच्यासाठी गोळी होती ते काम झालं.

"समोरच का खायला लावतात" याचं उत्तर मला लाज वाटत असली तरी देतो. सुरुवातीच्या वर्षांत मी गोळ्या हातात देऊन रजिस्टरवर 'खाल्ल्या' अशी खूण करून पुढच्या घरी जायचो. दिवसाला शंभर घरं, वरून अहवाल संध्याकाळी हवा. एका घरी पुढच्या वर्षी गेलो तर देवळीत, कुंकवाच्या डबीमागे, मागच्या वर्षीच्या गोळ्या पुडीसकट होत्या. बाई म्हणाली, "तुमी देल्या तं ठेवल्या जी, कोनाले झालं तं देऊन." माझ्या कागदावर ते घर पूर्ण झालेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं गावातल्या एकूण माणसांपैकी निदान ६५ टक्क्यांच्या पोटात गोळी खरोखर जावी लागते, तेही सलग फेऱ्यांत, तेव्हा कुठे डासाला पिल्लं मिळेनाशी होतात. माझ्या त्या गावाचे टक्के रजिस्टरात होते आणि गोळ्या देवळीत.

म्हणून एखाद्या वर्षी तुम्ही एकट्यानं टाळलं तर तुम्हाला उद्या काही होणार नाही. पण तुमच्या वस्तीतली दहा घरं असाच विचार करतात, आणि नालीतला डास घर बघून चावत नाही.

नालीवरून आठवलं. डेंगूचा डास स्वच्छ पाण्यातला, हा घाण पाण्यातला. तुंबलेली नाली, संडासाची टाकी, गोठ्यामागचं डबकं. संडासाच्या टाकीच्या वर गेलेल्या पाइपाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा सुतळीनं बांधा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या गावानं केलेलं नसतं.

तुमच्या शेजारात कुणाचा पाय आधीच सुजलेला असेल तर त्याला हे सांगा. माझ्या काकूचा पाय असा होता. रोवणीत दिवसभर चिखलात उभी, बोटांत चिखल्या, आणि महिन्या-दोन महिन्यांनी हुडहुडी भरून ताप, जांघेत अवधाण म्हणजे दुखरी गाठ, पाय लालबुंद. सगळे म्हणायचे हत्तीरोग भडकला, कुणी लेप लावायचं, एकानं डागही दिला. तो ताप बोटांच्या भेगांतून शिरणाऱ्या साध्या जिवाणूंचा असतो. आम्ही रोज संध्याकाळी तिला स्टुलावर बसवायचो, खाली घमेलं, साबण आणि तांब्याभर साधं पाणी. घासायचं नाही, हातानं हळूच. मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडून एकेका बोटाच्या फटीतून ओढून पूर्ण कोरडं करायचं, चिखल्यांना मलम, रात्री पायाखाली उशी. पाय बारीक झाला नाही, पण पुढच्या पावसाळ्यात ती एकदाच तापली. पुरुषांत अंडवृद्धी असेल तर ती शस्त्रक्रियेनं बरी होते, सरकारी रुग्णालयात मोफत. लाजेनं धोतरात लपवून ठेवणारे मी फार बघितले.

तर या वेळी आशाताईंना सांगा, जेवणानंतरच्या वेळेला या. सासूबाईंना भाकरी खाऊ घालून मग गोळ्या द्या. आणि त्यांच्या मनात खरंच शंका असेल तर त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून रात्रीची रक्ततपासणी करून घ्या. रात्री दहानंतरचीच. दुपारी बोट टोचून घेतलंत तर पट्टी बहुतेक कोरीच येईल.