जपानी फ्रूट सँडविच घरी करताना क्रीम सैल का राहतं आणि कापल्यावर फळ नीट का दिसत नाही?

तुमचं क्रीम सैल राहतं, ब्रेड ओला होतो आणि सुरी लावली की स्ट्रॉबेरी बाजूने निसटते. शिवाय मुलीच्या वाढदिवसाला ही सँडविचेस करायची आहेत, तर आदल्या रात्री करून ठेवली तर चालतील का, असंही तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं टोकियोत निशिकासाईला राहत होते, आता पुण्यात आहे, आणि दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत हे सँडविच करत आले आहे. इथे ते अगदी नीट जमतं. त्यासाठी जपानहून काही मागवावं लागत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप सुचत जाईल. मऊ ब्रेडमध्ये फेटलेलं क्रीम आणि फळं भरलेलं हे सँडविच लोकप्रिय केलं ते फळवाल्यांनी. टोकियोचं सेंबिकिया १८३४ पासून फळं विकतंय. शिंजुकूच्या ताकानो या फळांच्या दुकानाने १९२६ मध्ये आपलं फ्रूट पार्लर, म्हणजे फळांचे पदार्थ बसून खायचं उपाहारगृह, काढलं. क्योतोचं याओइसो हेही मुळात फळांचंच दुकान, आणि त्याचं फ्रूट सँडविच खायला लोक मुद्दाम जातात. अशा दुकानांना विकायचं असतं ते फळ. क्रीम आणि ब्रेड फक्त ते फळ हातात धरून खाता यावं म्हणून. म्हणून क्रीम बेताचं गोड, ब्रेड जवळजवळ चवीला गप्प, आणि फळ मात्र बाजारातलं सगळ्यात चांगलं. आपण घरी करायला घेतो तेव्हा डोक्यात क्रीमचा केक असतो: क्रीम भरपूर, साखर भरपूर, आणि फळ मधेमधे शोभेला. तिथेच सँडविच बिघडायला सुरुवात होते.

तेव्हा आधी फळ. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असते तेव्हा दुसऱ्या कशाकडे बघूच नका. मध्यम आकाराची, शेंड्यापासून देठापर्यंत लाल झालेली घ्या. खांद्याला पांढरी राहिलेली आंबट लागते आणि कापल्यावर मधे पोकळ निघण्याचीही शक्यता असते. धुताना देठ तसंच ठेवा, नळाखाली भरकन फिरवा आणि मग किचन पेपरवर एकेक सुटी मांडून अर्धा तास तरी सुकू द्या. देठ काढायचं ते सुकल्यावर. आधी काढलंत तर त्या खळग्यातून पाणी आत शिरतं, आणि तेच पाणी नंतर तुमच्या ब्रेडमध्ये उतरतं. ब्रेड ओला होण्याचं निम्मं कारण हे असतं. उरलेलं निम्मं म्हणजे फळांवर साखर भुरभुरवणं. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते, त्यामुळे फळांना साखर अजिबात लावायची नाही. लागेल तेवढी क्रीममध्ये.

एप्रिल-मे मध्ये हापूस. पिकलेला पण घट्ट हवा, हाताला मऊ लागणारा नको. दोन्ही गाल काढून जाड बोटाएवढ्या पट्ट्या करा आणि पेपरवर टिपून घ्या. बिनबियांची नाशिकची द्राक्षं अख्खी ठेवता येतात आणि कापल्यावर फार देखणी दिसतात. जपानमध्ये मस्कत जातीच्या हिरव्या द्राक्षांचं सँडविच हा तर मानाचा प्रकार आहे. संत्र्याच्या फोडीवरची पातळ साल आणि बिया काढून, फोड पेपरवर ठेवून मगच वापरा. केळं डाग न पडलेलं घ्या आणि उभं अख्खं ठेवा. कलिंगड आणि खरबूज मात्र इथे नको, कितीही टिपलं तरी पाणी सोडत राहतात.

किवी, ताजा अननस, पपई आणि ताजं अंजीर यांच्याबद्दल वेगळं सांगायला हवं. या फळांत प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. दुधातल्या प्रथिनांशी ती तासन् तास खेटून राहिली की क्रीम कडवट व्हायला लागतं. त्यामुळे किवीचं सँडविच सकाळी करून दुपारी खाऊन टाकावं, रात्रभर ठेवू नये. डब्यातला अननस चालतो, कारण डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ते विकर मेलेलं असतं. पुरंदरची अंजिरं मिळाली तर एकदा नक्की करून बघा, पण लगेच खाण्यासाठी.

आता क्रीम. तुमचं क्रीम सैल राहतं, याचं कारण बहुतेक तुमच्या पाकिटावरच छापलेलं असेल. आपल्याकडे किराणा दुकानात जे फ्रेश क्रीम मिळतं त्यात साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. भाजीत, सूपमध्ये ते उत्तम, पण फेटून उभं राहायला एवढा स्निग्धांश पुरत नाही. किमान ३० टक्के हवा, ३५ असेल तर निश्चिंत. जपानमध्ये दुकानात ३५, ४२, ४७ टक्के अशी वेगवेगळी क्रीम शेजारी शेजारी ठेवलेली असतात. आपल्याकडे 'व्हिपिंग क्रीम' म्हणून शीतकपाटातून मिळणारं दुधाचं क्रीम घ्या आणि पाकीट उलटं करून टक्केवारी वाचा. केकवाले वापरतात ते नॉन-डेअरी क्रीम वनस्पती तेलाचं असतं. ते उन्हातही टिकतं हे खरं, पण आधीच गोड असतं आणि टाळूला एक तुपकट थर ठेवून जातं. त्या थराखाली स्ट्रॉबेरीची चव झाकली जाते. एवढं चांगलं फळ आणायचं आणि त्याच्या तोंडावर हे क्रीम थापायचं, हे मला पटत नाही.

क्रीम फुलतं म्हणजे काय होतं, हे कळलं की थंडीचं महत्त्वही कळतं. फेटताना आत हवेचे बुडबुडे जातात आणि स्निग्धांशाचे सूक्ष्म गोळे त्या बुडबुड्यांभोवती एकमेकांना चिकटून जाळी करतात. हे गोळे थंड, अर्धवट घट्ट असतील तरच ती जाळी उभी राहते. क्रीमचं तापमान १० अंशांच्या वर गेलं की ते मऊ पडतात, आणि मग कितीही फेटा, हाती काही लागत नाही. म्हणून क्रीम आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये ठेवा. स्टीलचं भांडं आणि बीटरची पाती १५ मिनिटं फ्रीझरमध्ये, आणि फेटताना ते भांडं बर्फाच्या पाण्यात बसवा. मे महिन्यात करत असाल तर ओट्यावर, गॅस पेटलेला असताना, अजिबात नाही. पंख्याखाली जेवणाच्या टेबलावर बसून करा.

दोन सँडविचेसना २०० मिली क्रीम आणि १६ ते २० ग्रॅम पिठीसाखर, म्हणजे साधारण सपाट सहा-सात चहाचे चमचे. गोडाचं प्रमाण कमी वाटेल, वाटू द्या. साखर सुरुवातीलाच घाला. आधी मध्यम वेगाने, आणि क्रीमवर रेषा उमटायला लागल्या की वेग कमी. जपानी पाककृतींत फेटणं दहापैकी मोजतात. आठवर बीटर उचललात तर क्रीमचं टोक वाकतं, नऊवर टोक ताठ उभं राहतं. या सँडविचला नऊ हवं. केकवर लावायला आठ चालतं, इथे मात्र आठवर थांबलात तर कापताना फळ घसरणारच, आणि तुमची स्ट्रॉबेरी त्यामुळेच निसटत असणार. शेवटचं अर्धं मिनिट यंत्र बाजूला ठेवून हाताने फेटा, कारण नवाच्या पुढे लगेच लोणी आहे. क्रीम पिवळसर, रवाळ दिसायला लागलं तर दोन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून हलक्या हाताने ढवळा, बहुतेक वेळा सावरतं. पाणी सुटलं असेल तर मात्र त्याचं लोणी करून घ्या आणि नवीन पाकीट उघडा.

माझी आवडती पद्धत चक्का घालून आहे. जपानमध्येही काही घरगुती पाककृतींत दह्यातलं पाणी काढून टाकून उरलेलं घट्ट दही क्रीममध्ये मिसळतात. आपल्याला तर चक्का करणं शिकवावं लागत नाही. गोड, ताजं दही मलमलीच्या फडक्यात बांधून चाळणीवर, आणि चाळणी फ्रिजमध्ये, म्हणजे आंबणार नाही. सकाळी दाबून उरलंसुरलं पाणी काढा. २०० मिली क्रीम नवापर्यंत फेटून झालं की त्यात १०० ग्रॅम चक्का हलक्या हाताने मिसळा. चक्क्याने क्रीम बसकं होत नाही, उलट घट्ट राहतं, आणि त्याच्या किंचित आंबटपणाने स्ट्रॉबेरीची चव खुलते. हापूससोबत तर विचारूच नका, मात्र तेव्हा साखर आणखी कमी करा, नाहीतर ते ब्रेडमध्ये घातलेलं आम्रखंड होईल. जिलेटिनही लागत नाही, त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांचा प्रश्न मिटतो.

ब्रेड म्हणजे तिथला शोकुपान, दूध-लोणी घातलेला मऊ, चौकोनी, बारीक जाळीचा. सँडविचला त्याची सव्वा ते दीड सेंटिमीटर जाडीची स्लाइस वापरतात. इथे चांगल्या बेकरीत मिल्क ब्रेड मिळतो, तो न कापलेला मागा आणि घरी कापा. ब्राऊन, मल्टिग्रेन, खारा पाव, कडक सालीचा ब्रेड यातलं काही चालणार नाही, आणि भाजायचा तर मुळीच नाही. ब्रेड घरीच बनवणार असाल तर एकच युक्ती सांगते: एकूण मैद्याच्या साधारण पाचवा भाग मैदा काढून त्यात तेवढंच उकळतं पाणी घाला आणि मोदकाच्या उकडीसारखं एकजीव करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पिठात हे घालून मळा. असा ब्रेड जास्त पाणी धरून ठेवतो, म्हणून फ्रिजमध्ये ठेवल्यावरही लवकर कडक होत नाही. साधा ब्रेड फ्रिजच्या थंडीत बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, आणि या सँडविचला फ्रिजशिवाय गत्यंतर नाही.

रचनेत घाई करू नका. ओट्यावर क्लिंग फिल्म पसरून त्यावर स्लाइस ठेवा. कडा अजून काढायच्या नाहीत. दोन्ही स्लाइसना पातळ क्रीम अगदी कडेपर्यंत लावा, म्हणजे तो थर रसाला अडवतो. आता सुरी कुठून जाणार ते ठरवा. कोपऱ्यातून कोपऱ्यात कापणार असाल तर त्या रेषेवर तीन स्ट्रॉबेरी आडव्या झोपवा, शेंडा आणि देठाकडची बाजू दोन्ही त्या रेषेवरच येतील अशा. सुरी शेंड्यापासून देठापर्यंत मधून गेली तरच आतला पांढरा गाभा आणि तो बदामी आकार दिसतो. स्ट्रॉबेरी रेषेला आडवी पडली तर नुसतं गोल दिसेल. उरलेल्या दोन कोपऱ्यांकडे एकेक लहान स्ट्रॉबेरी. मग उरलेलं क्रीम चमच्याने फळांच्या मधल्या फटीत दाबून भरा. हे सगळ्यात महत्त्वाचं. फट राहिली तर कापल्यावर तिथे भोक दिसतं आणि फळ हलतं. वर थोडंसं क्रीम, मधे किंचित उंच आणि कडेला कमी, आणि दुसरी स्लाइस. तळहाताने हलकेच दाबा, फिल्म घट्ट गुंडाळा आणि त्यावर पेनाने कापायची रेषा आखून ठेवा. तासाभराने कोणतं फळ कुठे होतं हे आठवत नाही, ही रेषा तेव्हा कामाला येते.

फ्रिजमध्ये कमीत कमी एक तास, दोन-तीन झाले तर उत्तम. वर हलकी ताटली ठेवली तरी चालेल. लांब पात्याची धारदार सुरी गरम पाण्यात बुडवा, कोरडी पुसा आणि दाब न देता मागेपुढे करत खाली न्या. आधी चारही कडा, मग आखलेली रेषा. प्रत्येक काप झाला की सुरी पुसून पुन्हा गरम करायची. आळस केलात तर पहिल्या सँडविचचा लाल रस दुसऱ्याच्या पांढऱ्या क्रीमवर पसरतो. काढलेल्या कडा टाकू नका, तिथेही टाकत नाहीत. तळून, साखरेत घोळवून मुलांना द्या.

आता वाढदिवसाचं. आदल्या रात्री करायला हरकत नाही, फक्त किवी-अननस नको आणि केळंही नको, काळं पडतं. स्ट्रॉबेरी, द्राक्षं किंवा संत्रं घ्या, चक्क्याचं क्रीम वापरा, प्रत्येक सँडविच वेगळं गुंडाळा आणि फ्रिजच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात ठेवा. कापायचं मात्र ऐनवेळी, पाहुणे आल्यावर. कापलेलं सँडविच बाहेर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहू देऊ नका आणि सगळी एकदम ताटात काढू नका, संपतील तशी कापत जा. सोबत काही गरम खायला ठेवणार असाल तर ते आधी होऊ द्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यात मात्र देऊ नका. क्रीम आणि कापलेलं फळ तासन् तास उन्हात-गर्मीत राहणं मुलांच्या पोटाला बरं नाही. उरलं तर फ्रिजमध्येच ठेवून त्याच दिवशी संपवा.