कुत्र्याला ‘काय लावू?’ असं विचारण्याआधी

पावसाळा आला की वाचकांचे प्रश्न एकाच वळणावर येतात: ‘कुत्र्याचे केस गळतायत, काय लावू?’ केस गळणं हे लक्षण आहे. त्यामागे पिसवा, लूत, नायटा, अ‍ॅलर्जी, थायरॉईड यांपैकी काहीही असू शकतं आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. फोटो पाठवू नका, फोटोवरून मी निदान करत नाही.

प्रश्न: आमच्या जर्मन शेफर्डचे इतके केस पडतात की दिवसातून दोनदा घर झाडावं लागतं. हा आजार आहे का? (विश्रामबाग, सांगली)

कातडी कुठे उघडी पडलेली नसेल, खाज नसेल, तर नाही. रोज ब्रश करा.

प्रश्न: आमच्या लॅब्राडोरला खाज सुटली की एक इंजेक्शन देतात. आधी महिनाभर बरं वाटायचं, आता आठवड्यात पुन्हा सुरू होतं. डोळ्यांभोवतीचे आणि पुढच्या पायांवरचे केसही गेले. इंजेक्शन बदलून घ्यावं का? (मिरज)

आधी कोणतं इंजेक्शन दिलं ते चिठ्ठीवर पाहा. डेक्सामेथासोन, ट्रायमसिनोलोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल, तर ते स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडला माझा विरोध नाही, अ‍ॅलर्जीत मीही देतो. पण खाज कशाची आहे हे न पाहता पुन्हा पुन्हा टोचण्याला माझा ठाम विरोध आहे.

डोळ्यांभोवती आणि पायांवर केस गेले की पहिला संशय डेमोडेक्सचा, म्हणजे लुतीच्या एका किड्याचा. हा सूक्ष्म किडा जवळजवळ प्रत्येक निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी असतोच, प्रतिकारशक्ती त्याला आवरून धरते. स्टिरॉइड नेमकी तीच प्रतिकारशक्ती दाबतं. म्हणजे खाज थांबलेली दिसते आणि आत किडा वाढत राहतो. मालकाला वाटतं गुण आला, म्हणून तो पुन्हा तेच मागतो.

तपासणी काही मिनिटांची आहे. कातडी चिमटीत दाबायची, ब्लेडने रक्ताची लाली दिसेपर्यंत हळूच खरवडायची, जे निघेल ते काचेवर तेलाच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली धरायचं. लांबट किडे आखूड पाय हलवताना दिसले की शंकेला जागा उरत नाही. पंजाची कातडी जाड असेल तर एका खरवडीत ते सापडत नाहीत, मग पुन्हा घ्यावी लागते. आता फ्लुरालानर, अफोक्सोलानर यांसारख्या चांगल्या गोळ्या आहेत, पण पूर्वी फिट आलेल्या कुत्र्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. आणि केस उगवले म्हणून औषध बंद करू नका. महिन्याच्या अंतराने सलग 2 खरवडी स्वच्छ निघेपर्यंत उपचार चालू ठेवायचे असतात. अर्ध्यावर सोडलेली लूत उलटते, हे मी सतत पाहतो.

पाणी जास्त पिणं, पोट सुटणं, कातडी पातळ होणं हे दिसत असेल तर तेही सांगा, ते स्टिरॉइडमुळे असू शकतं. रोजच्या स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मनाने एकदम बंद करू नका. तुमच्या कुत्र्याला डेमोडेक्सच आहे, असं मी इथून म्हणत नाही. जुन्या चिठ्ठ्या घेऊन जा आणि खरवड तपासल्याशिवाय पुढचं इंजेक्शन घेऊ नका.

प्रश्न: लुतीवर गॅरेजमधलं जळकं ऑईल हळद घालून लावतात. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला गुण आला. लावू का? (तासगाव)

नाही. कुत्रं ते चाटतं. विष पोटात जातं, उलटी होताना फुप्फुसात शिरलं तर न्यूमोनिया होतो, कातडी भाजते ती वेगळीच. आधीच लावलं असेल तर चाटू देऊ नका, भांड्यांच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने धुवा, उलटी करवू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद आपल्या सांगलीची कितीही चांगली असली, तरी तिच्या पिवळ्या थराखाली लाली, पू काहीच दिसत नाही. दवाखान्यात आणताना अंग कोरं ठेवा.

प्रश्न: मेंढ्यांचं आयव्हरमेक्टिन घरात आहे. कारवानी कुत्र्याला लूत लागली, तेच टोचू का? (जत)

टोचू नका. ती बाटली जनावरांच्या वजनावर बेतलेली असते, 1 मिलि औषध 50 किलोच्या गुराचं. पिल्लाला अंदाजाने टोचलं तर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोल जातो, लाळ गळते आणि त्यावर थेट उतारा नाही. कोली जातीत आणि काही जर्मन शेफर्डमध्ये जनुकीय दोषामुळे लुतीवर देतात तेवढा डोसही घातक ठरतो. वजन करून, रक्त पाहून डॉक्टर ठरवतील.

प्रश्न: कुत्रं कान सारखं खाजवतं, आणि आता मुलीच्या हातावर बारीक पुरळ आलं आहे. संबंध असेल का? (पलूस)

असू शकतो. कानाची कड बोटांनी चोळून पाहा. त्याच बाजूचा मागचा पाय खाजवल्यासारखा हलू लागला, तर खरजेचा संशय घ्या. खरजेचा किडा माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही, पण कुत्र्याचा इलाज झाल्याशिवाय घरातली खाज थांबत नाही. खरवडीत तो पुष्कळदा सापडत नाही, तरी लक्षणांवरून उपचार सुरू करतात. मुलीच्या हातावर गोल, कडा उठलेला चट्टा असेल तर नायट्याचा विचार करावा लागतो. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांना आणि कुत्र्याला पशुवैद्यांना याच आठवड्यात दाखवा. ‘पाहू दोन-चार दिवस’ करत महिना जातो.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, अ‍ॅलर्जी आहे, धान्य नसलेलं महागडं खाद्य द्या. (सातारा)

दुकानदार निदान करत नाही, पोतं विकतो. खाद्याची अ‍ॅलर्जी बहुधा प्रथिनांची असते: गोमांस, दूध, कोंबडी. गहूही त्यात येतो, पण धान्य काढलं म्हणजे काम झालं असं नाही. तपासायचं तर डॉक्टरांनी ठरवून दिलेला एकच आहार 8 आठवडे, आणि त्यात बिस्किटाचा तुकडाही नको. त्याआधी शेपटीच्या मुळाशी केस बाजूला करून पाहा. काळे कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे.

प्रश्न: 8 वर्षांच्या कुत्रीचे दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेले. खाज नाही, पण वजन वाढलं, सुस्त असते. (कराड)

कोणतंही तेल लावू नका. थायरॉईडसह रक्ततपासणी करून घ्या. हल्ली स्टिरॉइड दिलं असेल तर आकडा फसवा येतो, ते आधी सांगा. गावात सोय नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.