शालेय कुस्तीत जिल्ह्याच्या पुढे जायचं तर मुलाची तयारी कशी करून घ्यावी?

तुमचा मुलगा नववीत आहे, दोन वर्षं गावच्या तालमीत मातीवर खेळतोय, वजन ५० किलो आहे आणि यंदा १७ वर्षांखालच्या गटात जिल्ह्याच्या पुढे जायचंय. वजन तोडून ४८ किलोच्या गटात उतरवू का, असंही तुम्ही विचारलंय. सुरुवात तिथूनच करतो, कारण चांगली पोरं वाया जाताना मी सगळ्यात जास्त तिथंच बघितलीत.

उतरवू नका. आहे त्या ५१ च्या गटात खेळवा.

मी दहावीत असताना गटापेक्षा तीन किलो जास्त होतो. दोन दिवस पाणी जवळजवळ बंद, दोन स्वेटर घालून उन्हात पळणं, रात्रभर थुंकत बसणं, असं सगळं करून सकाळी वजन बसवलं. पहिली कुस्ती दीड मिनिटात मारली. दुसरीत ६-० पुढे होतो. मधल्या विश्रांतीनंतर उभा राहिलो तर पोटऱ्यांत गोळे आले. समोरच्यानं मनगट धरलं आणि ते सोडवायला माझ्या बोटांत जोरच नव्हता. त्यानं दोनदा पट काढला, म्हणजे पाय धरून खाली घेतलं, आणि शेवटी चीत केलं. तो माझ्यापेक्षा भारी पैलवान होता असं मला आजही वाटत नाही. तो पोटभर खाऊन, पाणी पिऊन आला होता.

हा प्रकार नुसता हरण्यापुरता राहत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत वजन तोडताना अंगातलं पाणी आटून कॉलेजचे तीन पैलवान गेले. नंतर तिथल्या हायस्कूल कुस्तीतही हंगामाआधी लघवी तपासून अंगात पुरेसं पाणी आहे का ते बघायचं, मग चरबी मोजून मुलाला किती खाली जाता येईल ते ठरवायचं आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरू द्यायचं नाही, असा नियम झाला. ५० किलोच्या पोराला हे साडेसातशे ग्रॅम होतात. शिवाय नववीतलं पोर वाढीला लागलेलं असतं. स्पर्धेपर्यंत तो ५१ च्याही वर गेला, तर ५५ ला खेळवा. वर्षभर उंची आणि ताकद वाढू दिली तर पुढच्या वर्षी तोच पोरगा ओळखू येणार नाही.

आता माती आणि मॅटचा प्रश्न. मुलगा खेळतोय मातीवर, स्पर्धा आहे मॅटवर. खाशाबा जाधव कराडच्या टिळक हायस्कूलचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटची आणि तिथल्या नियमांची सवय नव्हती, तरी सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत ५७ किलोत कांस्यपदक घेऊन आले. तुमच्या मुलासमोरची अडचण तीच आहे आणि ती मोडायला त्याच्याकडे काही महिनेच आहेत. जवळ मॅट कुठं आहे ते शोधा आणि आठवड्यातून निदान तीन दिवस त्याला तिकडं पाठवा.

मातीत खडाखडी, म्हणजे उभ्यानं एकमेकांना अजमावणं, लांबते, पाठ लागेपर्यंत कुस्ती संपत नाही. मॅटवर या गटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. खाली घेतलं की दोन गुण, रिंगणाबाहेर पाय गेला की समोरच्याला एक, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपली. मातीतल्या पोराच्या दोन सवयी इथं अंगाशी येतात. एक म्हणजे मागं सरकत वाट बघणं. दुसरी म्हणजे खाली गेल्यावर पोटावर निवांत पडून राहणं. मातीत त्यानं काही बिघडत नाही. मॅटवर समोरचा कंबर आवळून भारंदाज मारतो, म्हणजे अंगावरून गरकन फिरवतो, पाठ नुसती मॅटकडं वळली तरी दोन गुण जातात, आणि तो थांबत नाही, लागोपाठ तीन-चार वेळा फिरवतो. खाली गेल्या गेल्या कोपर बरगडीला चिकटवायचं, कंबर जड करायची, पाय फाकवायचे. हे रोज दहा मिनिटं करून घ्या. या वयातल्या निम्म्या कुस्त्या इथंच जातात असं माझं मत आहे.

डाव किती शिकवावेत? एक. फार तर दोन. शालेय वयात वीस डाव येणारी पोरं मी हरताना बघितलीत आणि एका एकेरी पटावर, म्हणजे एकच पाय धरायच्या डावावर, राज्याला गेलेलीही बघितलीत. पण तो एक डाव पुरता यायला हवा. डोकं खाली जातंय का बघा, कारण नव्वद टक्के पोरं जमिनीकडं बघत पटात शिरतात आणि मान सापडते. कपाळ वर, कान समोरच्याच्या बरगडीला घट्ट दाबलेला, पुढचा गुडघा त्याच्या दोन पायांच्या मध्ये, हात गुडघ्यामागं बांधलेले. आणि पाय हाताला लागला की थांबायचं नाही, लगेच उठून कोनात चालायचं. बरीच पोरं पाय धरून तिथंच बसतात. रोज दोन्ही बाजूंनी पन्नास पन्नास पट, आधी सावकाश, मग जोरात.

दमासाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगतो. मुलाला मध्ये उभं करायचं, भोवती चार जोडीदार. दर तीस सेकंदाला समोरचा बदलायचा, मधला तोच. चार मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला तो कंबरेत सरळ उभा राहायला लागेल, हात खाली येतील. वस्तादांनी नेमकं तेव्हाच ओरडायचं, "खाली बस, हात पुढं!" आठवड्यातून दोनदा पुरे, रोज नको.

जोर-बैठका हव्यातच, पण मोठ्या पैलवानांचे हजाराचे आकडे या वयात नकोत. शंभर जोर, दोनशे बैठका तुकड्यातुकड्यानं, दोर चढणं, मानेचा व्यायाम, एवढं झालं की उरलेला वेळ लढतीला द्या. खुराकात दूध, अंडी, भाकरी, कडधान्यं, मूठभर भिजवलेले बदाम. जिममधल्या कुणी पावडरचा डबा किंवा इंजेक्शन सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. पहाटे साडेचारला उठायचं असेल तर साडेआठला अंथरुणात हवा. हे शाळा, क्लास सांभाळून जमत नसेल तर सकाळची मेहनत कमी करा, झोप कमी करू नका.

गजकर्ण झालं तर लपवू देऊ नका. स्पर्धेत वजनाच्या वेळी डॉक्टर अंग बघतात आणि पोरगं बाहेर बसतं. मेहनत झाली की लगेच अंघोळ, टॉवेल स्वतःचा, लंगोट रोज धुतलेला. कान सुजला तर एक-दोन दिवसांत डॉक्टरकडं न्या, साठलेलं रक्त वेळेत काढलं तर कान वाचतो. मोडलेला कान ही पैलवानाची शोभा असं कुणी म्हणेल, ऐकू नका.

स्पर्धेच्या दिवशी पिशवीत जन्मदाखला, शाळेचं ओळखपत्र, लाल आणि निळा असे दोन्ही कॉस्च्युम, केळी, खजूर, गूळ-शेंगदाणे, पाणी. नखं आदल्या रात्री कापा. वजन झाल्यावर हलकं खायला घाला आणि कुस्तीआधी घाम येईपर्यंत अंग गरम करून घ्या. कुस्ती सुरू झाली की तुम्ही प्रेक्षकांत बसा आणि तोंड मिटून बसा. बापाला हे अवघड जातं, माहीत आहे. पण त्या चार मिनिटांत त्याला एकाच माणसाचा आवाज ऐकू यायला हवा, वस्तादांचा.