किलोमीटरमागे की तासामागे?

प्रिय,

सायकल घ्यायचं घरी बोललास आणि ‘त्यापेक्षा चालत जा, जीव सांभाळ’ असं उत्तर मिळालं. घरच्यांची काळजी खोटी नाही. पण चालणं बिनधोक आणि सायकल म्हणजे जिवाशी खेळ, ही वाटणी मला पटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे 11 लाख 90 हजार माणसं रस्त्यावर मरतात. त्यांत पादचारी साधारण 23 टक्के, सायकलस्वार 6 टक्के. यावरून चालणंच जास्त धोक्याचं, असं मात्र घरी सांगू नकोस. चालतात सगळेच, सायकल त्या मानाने थोडे चालवतात. नुसते मृत्यू मोजून काही कळत नाही. त्यांना कशाने भागायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

ब्रिटनमध्ये हा हिशेब वर्षानुवर्षं ठेवला जातो. तिथे किलोमीटरमागे पादचारी आणि सायकलस्वार यांच्या मृत्यूचं प्रमाण ढोबळमानाने सारखंच आहे. मोटरसायकलवाल्यांचं त्याच्या कितीतरी पट. हाच हिशेब तासामागे केला की सायकल चालण्याच्या जवळजवळ तिप्पट धोकादायक दिसते, कारण तासाभरात ती साधारण तिप्पट अंतर कापते. दोन्ही आकडे खरेच. तुला रोज ठरलेल्या ठिकाणी जायचं आहे, अंतर बदलणार नाही, म्हणून तुझ्यासाठी किलोमीटरचा आकडा कामाचा. सायकल मिळाल्यावर लांब लांब भटकायला लागलास, तर गणित बदललं.

गंभीर जखमांचं तसं नाही. त्या सायकलवर किलोमीटरमागे स्पष्टपणे जास्त होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. अर्थात फुटपाथवर अडखळून हात मोडला तर वाहनाचा संबंध नसल्याने तो रस्ते अपघातात धरलाच जात नाही. आणि सायकलवरून एकटाच पडलेला माणूस सहसा पोलिसांकडे जात नाही.

या सरासऱ्यांपेक्षा मला वेगळ्याच गोष्टीची काळजी आहे. धोका रस्त्यावर सारखा पसरलेला नसतो, तो चौकांत आणि अवजड वाहनांभोवती साचतो. सिग्नलला ट्रक उभा असतो, त्याच्या आणि कडेच्या मधे फट दिसते, सायकल सहज पुढे जाईल असं वाटतं. तिथे अजिबात घुसायचं नाही. ड्रायव्हरला तो कोपरा दिसत नाही, आणि त्याच बाजूला वळताना ट्रकची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून, कडेला घासून येतात. मागे थांब, ट्रक जाऊ दे. उभ्या गाड्यांपासून निदान मीटरभर लांब राहा, कारण दार कधीही उघडतं. मग तू आपोआप कडेपासून आत, आपल्या लेनच्या मधोमध येशील आणि मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत. दिसलास म्हणूनच वाजवतायत.

रस्ता निवडताना वेग बघ. वाहनांचा सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे 4 टक्क्यांनी वाढते. म्हणून आतला, संथ रस्ता थोडा लांबचा असला तरी तोच घ्यावा. हेल्मेट घाल, डोकं वाचतं. पण ट्रकपुढे त्याचा भरवसा धरू नकोस.

सायकलवाले वाढले की प्रत्येकाचा धोका घटतो, असं संशोधक पीटर जेकबसन यांनी 2003 मध्ये मांडलं: संख्या दुप्पट झाली तर अपघात साधारण एक तृतीयांशानेच वाढतात. गर्दीमुळे रस्ते सुरक्षित होतात की सुरक्षित रस्त्यांमुळे गर्दी होते, हा वाद आहे. मला दुसरं जास्त पटतं. नॉर्वेची राजधानी ऑस्लोने पार्किंग हटवलं, वेग उतरवला. 2019 मध्ये तिथे एकही पादचारी वा सायकलस्वार अपघातात गेला नाही.

नेदरलँड्समधला 2010 चा अभ्यासही तुझ्या हाती लागेल. गाडी सोडून सायकल धरली तर आयुष्य 3 ते 14 महिन्यांनी वाढतं, अपघातांमुळे 5 ते 9 दिवसांनी घटतं, असा त्याचा हिशेब. पण ती तुलना गाडीशी आहे. चालण्यातही व्यायाम होतोच, तेव्हा घरच्या वादात हा आकडा वापरू नकोस.

सुट्टीच्या दिवशी सकाळी रस्ता एकदा चालवून बघ आणि समोरची वाहतूक ओलांडून किती ठिकाणी वळावं लागतं ते मला कळव. एखादं वळण नकोसं वाटलं तर तिथे खाली उतर आणि सायकल हातात धरून झेब्रा क्रॉसिंगवरून पलीकडे जा.

तुझा,
काका