काप्स बोलीतला ‘फि’: कर्माला ‘साठी’ कशाला?

प्रश्न असा आहे: आफ्रिकान्स ही डचमधून घडलेली दक्षिण आफ्रिकेतली भाषा, आणि काप्स ही केपटाऊनच्या मुख्यतः मिश्रवंशीय लोकांची आफ्रिकान्स बोली. या काप्समध्ये ‘मी तुला ओळखतो’ हे ‘एक केन फि जोउ’ असं म्हणतात. हा ‘फि’ म्हणजे प्रमाण आफ्रिकान्समधला ‘फर’, आणि कोशात त्याचा अर्थ ‘साठी’. मग हे वाक्य अशुद्ध धरायचं का?

अजिबात नाही. मराठी माणसाला तर ही रचना चटकन कळावी. आपण ‘मी घर पाहिलं’ म्हणतो, पण ‘मी सुमनला पाहिलं’. घराला ‘ला’ लागत नाही, सुमनला लागतो. ‘फर’चंही बरंचसं असंच आहे. तो माणसांच्या नावांना आणि सर्वनामांना लागतो. ‘मी घर पाहतो’ हे मात्र नुसतं ‘एक सीन दी हेइस’. शिवाय ‘अॅनाला दे’ यातल्या ‘ला’साठीही हाच ‘फर’ येतो. म्हणजे संप्रदान (ज्याला द्यायचं तो) आणि सजीव कर्म या दोन्हींना एकच खूण, थेट आपल्यासारखी! मला तरी हे फार सुंदर वाटतं. फरक इतकाच की आपला ‘ला’ इथे टाळता येत नाही, ‘फर’ बऱ्याचदा ऐच्छिक असतो.

‘फर’ आला डच ‘फोर’वरून, पण डचमध्ये ‘ओळखणे’च्या कर्माला काहीच लागत नाही. मग ही सवय कुठली? १६५२ मध्ये डचांनी केपला, म्हणजे आजच्या केपटाऊनला, ठाणं वसवलं; त्यानंतर तिथे भारताचा किनारा, इंडोनेशियाची बेटं, मादागास्कर इथून गुलाम आणले गेले. त्यांच्यात मलय भाषा आणि पोर्तुगीजमध्ये स्थानिक भाषा मिसळून झालेली मिश्रबोली चालत, आणि बरेच अभ्यासक या रचनेचं मूळ तिथे शोधतात. या तर्कात मला वजन दिसतं, कारण रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला आजही पोर्तुगीज मिश्रबोली बोलतात, आणि तिच्यातही माणूस कर्म असला की ‘प’ ही खूण लागते. ती पोर्तुगीज ‘पारा’वरून, म्हणजे पुन्हा ‘साठी’वरूनच आल्याचं मानतात.

गोऱ्यांच्या घरगुती आफ्रिकान्समध्येही हा ‘फर’ ऐकू येतो. काप्समध्ये तो अधिक मोकळेपणाने येतो. आफ्रिकान्स मातृभाषा असलेल्यांत गोरे निम्म्याहून कमी आहेत, तरी प्रमाणभाषा घडली ती मुख्यतः त्यांच्या बोलीवर. त्यामुळे काप्सला ‘स्वयंपाकघरातली भाषा’ म्हणून हिणवलं गेलं, हे फार अन्यायाचं आहे. काप्सच्या त्रैभाषिक कोशाचं काम २०२१ मध्ये वेस्टर्न केप विद्यापीठात सुरू झालं, ते म्हणूनच मोलाचं.

परीक्षेसाठी प्रमाण आफ्रिकान्स लिहीत असाल, तर ‘ओळखणे’, ‘पाहणे’च्या कर्माआधीचा ‘फर’ गाळा. ‘अॅनाला दे’मधला ठेवा. केपमध्ये बोलताना दोन्हीकडे खुशाल वापरा.