घाटेअळीला सगळंच कसं पचतं?

प्रश्न : सर नमस्कार, आमच्याकडे तूर आणि हरभरा दोन्ही आहे, बांधाला लागून टोमॅटोचा प्लॉट आहे आणि तिन्हीकडे एकच अळी दिसते. मी वाचलं की हरभऱ्याच्या दाण्यात अळीचं पचन बंद पाडणारं प्रोटीन असतं. मग ती मरत का नाही? आणि टोमॅटोवरची अळी हरभऱ्यावर आली तर तिला पचेल का? (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : दादा, तुम्ही वाचलंय ते खरंय. अळीच्या आतड्यात ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन अशी प्रोटीन फोडणारी एन्झाइम्स असतात, आणि तिचं आतडं आपल्या जठरासारखं आंबट नाही, चांगलंच अल्कलाइन असतं, ही एन्झाइम्स तिथंच जोरात चालतात. हरभरा दाण्यात इन्हिबिटर, म्हणजे तुम्ही वाचलेलं ते पचन बंद पाडणारं प्रोटीन साठवतो, तो जाऊन एन्झाइमला घट्ट चिकटतो आणि त्याचं काम थांबवतो. कच्च्या सोयाबीनमध्येही हेच असतं म्हणून तर ते भाजून-शिजवून खायचं.

पण घाटेअळीकडे एकच एन्झाइम नाहीये, मेकॅनिककडे पान्यांचा अख्खा सेट असतो तसं आहे. ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनचेच तिच्याकडे कितीतरी जीन आहेत, आणि त्यातले कुठले चालू ठेवायचे, कुठले बंद, हे ती काय खाते त्यावर बदलतं. इन्हिबिटर पोटात गेला की ज्या एन्झाइमला तो चिकटतो ते ती जास्त बनवते, आणि ज्याला तो चिकटतच नाही असं दुसरंही काढते. तूर, कापूस, टोमॅटो, प्रत्येकावर वाढलेल्या अळीच्या आतड्यातलं मिश्रण वेगळं भेटतं. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते, झाडाने लाखो वर्षांत जे हत्यार बनवलं त्याला ही पोटातल्या पोटात उत्तर देते!

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर खूप काम झालंय. १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात हरभरा, तूर, कापूस या नेहमीच्या पिकांच्या इन्हिबिटरपेक्षा भुईमूग, बटाटा आणि चौधारी घेवड्याचे इन्हिबिटर अळीवर जास्त चालले, कारण ही काही तिची नेहमीची खाणी नाहीत. तेही एकच वापरून भागत नाही, एकामागून एक वेगवेगळे द्यावे लागतात, नाहीतर ती त्यालाही सरावते.

आता टोमॅटोवरच्या अळीचं. पचेल. सुरुवातीला जरा अडेल, नवीन एन्झाइम बनवायला तिला स्वतःचंच प्रोटीन खर्चावं लागतं त्यामुळे वाढ मंदावते, पण मरत नाही. हरभऱ्याच्या पानांवरची आंब, म्हणजे त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल, लहान अळीची वाढ अजून मागे ओढतं, म्हणून आंब चांगली धरणारं वाण तुलनेने कमी खाल्लं जातं.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच की अळी लहान आहे, पानं खरवडतेय तोवरच गाठा. एकदा डोकं घाट्यात आणि अर्धं अंग बाहेर अशी दिसायला लागली की फवारा नीट पोचत नाही. फुलोऱ्याच्या आधीच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे) लावा, पक्षी थांबे उभे करा, अळी बारीक असताना ५ टक्के निंबोळी अर्क मारा. एचएएनपीव्ही, म्हणजे घाटेअळीला रोग लावून मारणारा विषाणू, मारणार असाल तर संध्याकाळीच, उन्हात तो विषाणू टिकत नाही.