सिग्नलला काच वर करणारे गृहस्थ

“मॅडम, भिकाऱ्याला द्यावं की न द्यावं, एकदाच काय ते सांगा.”

हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वारंवार येतो. कुणाला दिल्यावर फसल्यासारखं वाटतं, कुणाला न दिल्यावर रात्री झोप लागत नाही. यावरून नवराबायकोत अबोला धरलेलाही मी पाहिला आहे. अशाच एका जोडप्याची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोघं ठाण्याचे, पन्नाशीतले. शेवटचं भांडण तीन हात नाक्याच्या सिग्नलला झालेलं. एक म्हातारी गाडीजवळ आली. बाईंनी दहाची नोट बाहेर धरली आणि यजमानांनी बटण दाबून काच वर केली. हात थोडक्यात वाचला. पुढचे आठ दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

“भीक मागणं गुन्हा आहे,” ते मला म्हणाले. “ही देते म्हणून ते मागतात.”

“आणि हे म्हातारीच्या तोंडावर काच लावतात,” त्या म्हणाल्या.

कायद्याचं त्यांचं म्हणणं खरं होतं. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आहे आणि त्यात पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं डांबून ठेवण्याची तरतूद आहे. याच कायद्याची शिक्षेची कलमं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती रद्द केली. भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये मान्य केली नाही. माणूस गरिबीपायी हात पसरतो, असं न्यायालयाने म्हटलं. हे सगळं मला त्यांना ऐकवता आलं असतं. मी ऐकवलं नाही. समोरच्याला वादात हरवलं की तो पुढच्या वेळी येत नाही, हे मी या कामात शिकले आहे.

मी दोघांच्या बोलण्यातला ‘च’ ऐकत होते. त्यांचं “द्यायचं नाहीच”, यांचं “दिलंच पाहिजे”. असा ‘च’ जिथे हट्टाने येतो तिथे खाली काहीतरी दुखत असतं, यावर माझा विश्वास आहे. बाईंचं लवकर कळलं. आईच्या शेवटच्या आजारपणात त्यांना माहेरी जाता आलं नव्हतं, आणि तेव्हापासून म्हातारी बाई दिसली की हात आपोआप पर्सकडे जायचा. ते गृहस्थ मात्र बंद होते. तिसऱ्या भेटीत मी त्यांना विचारलं, “तुमच्या लहानपणी घरात ‘हात पसरणं’ हे शब्द कोण वापरायचं?”

“बाबा. कुणापुढे हात पसरायचा नाही, म्हणायचे. परळला गिरणीत होते. १८ जानेवारी ८२ ला संप सुरू झाला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो.”

“मग घर कसं चाललं?”

“चाललं.”

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. बऱ्याच वेळाने तेच बोलले. “चाळीत खाणावळ चालवणारी एक मावशी होती. रात्री दाराशी डबा ठेवायची. म्हणायची, उरलंय, टाकण्यापेक्षा पोरांना घाला.” ते थांबले. “मॅडम, उरलेलं नव्हतं ते. भाकऱ्या गरम असायच्या.”

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि बाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी काहीच बोलले नाही, आणि त्या दिवसाचं माझं सगळ्यात चांगलं काम तेच होतं, असं आजही वाटतं.

माझ्या लक्षात आलं, त्या गृहस्थांना म्हातारीचा राग नव्हताच. त्यांना पसरलेल्या हाताची भीती होती. त्या घरात तो हात म्हणजे अब्रू जाणं. मावशीने ते ओळखलं होतं, म्हणून तिने मागायची वेळच येऊ दिली नाही.

हा प्रश्न घेऊन येणाऱ्या सगळ्यांना मी आता त्या मावशीबद्दल सांगते. द्यायचं असेल तर ताजं द्या, शिळंपाकं नको. पैसे द्यायचे की नाहीत आणि किती, ते घरून ठरवून निघा, म्हणजे सिग्नलच्या मिनिटभरात मनाची ओढाताण होत नाही. द्यायचं नसेल तर “आज नाही हो, आजी” एवढं तोंडाने म्हणा. मान फिरवू नका. लहान मुलांच्या हातात मात्र नाणी ठेवू नका. मूल संकटात वाटलं तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा. याच तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ पासून सिग्नलवरच्या मुलांची शाळा भरते. शंभर नोटांनी झालं नसतं ते तिथे होतं. आणि जोडीदाराला “तू भोळी” किंवा “तुम्ही निर्दयी” म्हणण्याआधी त्याच्या लहानपणी पैशावरून काय घडलं होतं, ते विचारा. बहुतेक घरांत कुणी विचारलेलंच नसतं.

दोन महिन्यांनी ते दोघं पुन्हा आले. परळलाच टाटा हॉस्पिटलच्या बाहेर गावाकडून आलेले रुग्ण आणि नातेवाईक फुटपाथवर दिवस काढतात. एका शनिवारी हे गृहस्थ तिथे गेले होते. बायको आजारी असलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, “काय हवंय?” तो म्हणाला, “फोन चार्ज करायचाय. पोरगी घरी एकटी आहे.” ते पॉवर बँक धरून तासभर त्याच्या शेजारी बसले. दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची राहायची सोय होते, हे त्याला माहीत नव्हतं. यांनी त्याला पत्ता लिहून दिला.

“आणि सिग्नलला?” मी विचारलं.

“मी अजून देत नाही,” ते म्हणाले.

बाई हसल्या. “मी देते. काच हे खाली करतात.”